कोंबड्यांनी आधी सांगितलं होतं

१९६८च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये पश्चिम जपानमधल्या पोल्ट्र्यांत कोंबड्या पटापट मरू लागल्या. चांगल्या खात्यापित्या कोंबड्या धापा टाकायच्या, अंडी घालणं बंद करायच्या आणि आडव्या व्हायच्या. हां हां म्हणता चार लाखांवर कोंबड्या दगावल्या. सगळीकडे रोग एकच आणि खाद्यातली एक गोष्टही सारखी, त्यामुळे शोध लागायला वेळ लागला नाही. खाद्यात मिसळलेलं एक काळपट तेल कितक्यूशू शहरातल्या एका कारखान्यातून आलं होतं. हा कारखाना तांदळाच्या कोंड्यापासून खायचं तेल काढायचा आणि ते शुद्ध करताना उरणारा काळा भाग पशुखाद्यवाल्यांना विकायचा.

मार्चमध्ये कृषी खात्याच्या पशुखाद्य तपासणी केंद्राचे अधिकारी कारखान्यात जाऊनही आले. काळ्या तेलाची चौकशी झाली, ते थांबलं. पुढे प्रयोगशाळेचा निष्कर्ष आला, की तेल खराब झाल्यामुळे विषबाधा झाली असावी. म्हणजे मामुली गोष्ट, तेल खवट होतंच. त्याच यंत्रांतून निघणारं गोरं तेल बाटल्यांत भरून माणसांच्या स्वयंपाकघरात जात होतं. पण माणसांचं अन्न हे आरोग्य खात्याचं काम आणि कोंबड्यांचं खाद्य कृषी खात्याचं. एका टेबलावरची फाइल दुसऱ्या टेबलावर गेली नाही. सरकारी कचेरी पाहिलेल्या कोणालाही यात नवल वाटणार नाही.

जूनमध्ये तीन वर्षांची एक मुलगी क्यूशू विद्यापीठाच्या रुग्णालयात त्वचारोग विभागात आली. अंगभर मुरमांसारख्या पुटकुळ्या. तीन वर्षांच्या पोरीला मुरमं येत नसतात. मग तिच्या घरातली बाकीची माणसंही त्याच तक्रारी घेऊन आली, आणि मग इतर घरं. पापण्या सुजलेल्या, सकाळी उठल्यावर डोळ्यांत घट्ट पनीरसारखी चिपडं, नखं आणि हिरड्या काळवंडलेल्या, हातापायांना मुंग्या, न जाणारा थकवा, कफाचा खोकला. शेवटी तेलावर बोट ठेवलं ते एका रुग्णानेच. ऑक्टोबरच्या सुरुवातीला तो घरातली तेलाची बाटली घेऊन आरोग्य केंद्रात गेला. १० ऑक्टोबरला ‘असाही’ वर्तमानपत्रात बातमी आली आणि सगळा पश्चिम जपान हादरला. तोवर हे तेल पोटात जाऊन सात-आठ महिने झाले होते. आरोग्याला आणि कांतीला चांगलं म्हणून त्याची जाहिरात होती, हे जाता जाता सांगायला हवं. या आजाराला जपानी भाषेत ‘यूशो’ म्हणतात, म्हणजे तेलाचा आजार.

आधी संशय आर्सेनिकवर गेला. मग विद्यापीठाच्या अभ्यासगटाला तेलात जे सापडलं, त्याचं अन्नाशी काही नातंच नव्हतं: पॉलिक्लोरिनेटेड बायफिनाइल, म्हणजे पीसीबी. ते तिथे पोचलं कसं, ते समजण्यासाठी तेल ‘रिफाइन’ कसं होतं ते थोडं पाहावं लागेल. कोंड्याच्या कच्च्या तेलाला उग्र वास असतो. तो घालवण्यासाठी तेल मोठ्या बंद टाकीत घेऊन हवा काढून टाकतात आणि दोनशे अंशांच्या वर तापवतात. थेट जाळ दिला तर तेल करपेल, म्हणून टाकीत स्टेनलेस स्टीलच्या नळ्यांचं वेटोळं असतं आणि त्यातून तापलेला द्रव फिरवतात. कितक्यूशूत हा द्रव पीसीबी होता. तो पेट घेत नाही, उकळून उडत नाही, वीज वाहू देत नाही. अभियंत्याला याहून गुणी द्रव सापडणं कठीण. नळ्यांना बारीक छिद्रं पडून तो झिरपला, असं आधी मानलं गेलं. पुढे अशीही माहिती समोर आली, की त्याच वर्षीच्या जानेवारीत दुरुस्तीचं वेल्डिंग करताना नळीला भोक पडलं होतं. काहीही असो, नळीच्या आतला द्रव नळीच्या बाहेरच्या तेलात उतरला.

पीसीबी १९२९पासून अमेरिकेत औद्योगिक प्रमाणावर तयार होऊ लागलं. ट्रान्सफॉर्मर, कपॅसिटर, रंग, कार्बनविरहित कॉपी-कागद, अशा कितीतरी ठिकाणी ते गेलं. जगभरात मिळून सुमारे तेरा लाख टन तयार झालं. दोन बेंझीन कड्या एकमेकींना जोडलेल्या आणि त्यांच्या कडेने क्लोरिनचे अणू बसवलेले, अशी त्याची रचना. क्लोरिन किती आणि कुठे, यावरून २०९ प्रकार होतात. कार्बन आणि क्लोरिनचा हा बंध फार पक्का असतो. ट्रान्सफॉर्मरमध्ये वर्षानुवर्षं न बिघडण्याचं कारण हेच, आणि शरीरात वर्षानुवर्षं न बिघडण्याचं कारणही हेच.

आपलं यकृत परक्या पदार्थांची विल्हेवाट लावतं ती एका ठरावीक पद्धतीने. पदार्थाला ऑक्सिजनची मूठ बसवायची, म्हणजे तो पाण्यात विरघळतो आणि लघवीवाटे किंवा पित्तावाटे बाहेर जातो. ही मूठ बसवायला कार्बनच्या कडीवर शेजारी शेजारी मोकळ्या जागा लागतात. जास्त क्लोरिन असलेल्या पीसीबीत त्या जागा क्लोरिनने अडवलेल्या असतात. यकृताला पकडायला जागाच मिळत नाही. पदार्थ चरबीत विरघळतो, चरबीत जाऊन बसतो, आणि पित्तावाटे आतड्यात थोडा उतरला तरी तिथून पुन्हा रक्तात शोषला जातो.

आता खरा गुन्हेगार. पीसीबी हाताळणाऱ्या कामगारांच्या रक्तात यूशोच्या रुग्णांइतकं किंवा जास्तही पीसीबी सापडायचं, पण ते इतके आजारी नसायचे. हे कोडं सुटायला काही वर्षं गेली. सत्तरच्या दशकात असं लक्षात आलं, की नळ्यांमध्ये महिनोन्महिने तापत राहिल्याने पीसीबीचा काही भाग बदलला होता. दोन कड्यांच्या मध्ये ऑक्सिजनचा एक पूल तयार होऊन फ्युरान नावाची संयुगं झाली होती. ती डायॉक्सिनची सख्खी भावंडं आणि त्यांच्यासारखीच विषारी. पेशींमध्ये एक प्रथिन असतं, त्याला हे रेणू कुलपात किल्ली बसावी तसे बसतात; मग ते प्रथिन पेशीच्या केंद्रात जाऊन नको ती जनुकं चालू करतं. साधा परका पदार्थ असता तर काही तासांत त्याचा निकाल लागून कुलूप मोकळं झालं असतं. हा रेणू विघटित होत नाही, त्यामुळे किल्ली फिरलेलीच राहते. त्वचेतल्या तैलग्रंथी बिघडून त्या पुटकुळ्या येतात त्या यातूनच.

मात्रा किती होती? संशोधकांनी सुमारे दीडशे रुग्णांच्या घरी किती तेल वापरलं गेलं याचा हिशेब मांडला. माणशी सरासरी ६८८ मिलिलिटर तेल पोटात गेलं होतं, म्हणजे आपल्या एक लिटरच्या पिशवीहूनही कमी. त्यात पीसीबी ६३३ मिलिग्रॅम आणि फ्युरान ३.४ मिलिग्रॅम. हे फ्युरान म्हणजे आमटीत टाकतो त्या चिमूटभर मिठाचे शंभर भाग केले, तर त्यातल्या एका भागाएवढं. आणि तेसुद्धा एकदम नव्हे, हळूहळू, भाज्या तळता-परतताना. ‘एवढ्याशाने काय होतंय’ हे आपलं आवडतं वाक्य इथे लागू पडत नाही. ज्या पदार्थाला शरीरातून बाहेर जाता येत नाही, त्याच्या बाबतीत रोज किती खाल्लं यापेक्षा आजवर एकूण किती साठलं हे महत्त्वाचं.

हे साठणं किती चिवट असतं, ते यूशोच्या रुग्णांनीच जगाला दाखवून दिलं. क्यूशूत दरवर्षी त्यांची तपासणी होते, आणि रक्तातल्या सर्वांत घातक फ्युरानचं प्रमाण मोजलं जातं. सुरुवातीला प्रमाण जास्त असताना ते तुलनेने लवकर उतरलं. पुढे वेग मंदावला. काही रुग्णांत ते निम्म्यावर यायला सुमारे दहा वर्षं लागतात. काहींत तर वर्षानुवर्षांच्या मोजमापांत उतार जवळजवळ दिसतच नाही. शरीरातून ते काढणारं औषध अजून नाही. आतड्यातच त्याला धरून ठेवावं म्हणून कोलेस्टिरॉलवरच्या औषधाबरोबर तंतुमय पदार्थ देऊन पाहिले गेले. तो तंतू कशाचा होता? तांदळाच्या कोंड्याचा. थोडं बाहेर पडलं, फार नाही.

चाळीस वर्षांच्या पाठपुराव्यात पुरुष रुग्णांमध्ये कर्करोगाने, विशेषतः फुप्फुसाच्या आणि यकृताच्या, होणारे मृत्यू अपेक्षेपेक्षा जास्त आढळले. मात्र माणसं सांगतात ते यापेक्षा बारीकसारीक आणि न मोजता येणारं असतं: सतत दुखणारं डोकं, मुंग्या, दम, कायमचा शीण. पहिली ओळख त्वचेवरून पटली, त्यामुळे रुग्ण ठरवण्याचे निकषही त्वचेवरच बेतले गेले. एकाच कढईतलं खाल्लेल्या घरात आईला ‘यूशो’चं प्रमाणपत्र मिळालं आणि मुलाला नाही, असं घडत राहिलं. सुमारे चौदा हजार लोकांनी तक्रार नोंदवली होती. मान्यता मिळालेल्यांचा आकडा आजही अडीच हजारांच्या आत आहे. फ्युरानच्या मोजमापाला निकषांत जागा मिळाली ती २००४ साली. तेव्हा अपघाताला ३६ वर्षं झाली होती. ज्याचा रेणू शरीरात तग धरून होता त्याला पुरावा मिळाला. ज्याचं शरीर तो थोडाफार बाहेर टाकू शकलं, त्याचा पुरावाही गेला.

पैशाची कथा याहून कडू आहे. १९८४ मध्ये उच्च न्यायालयाने सरकारलाही जबाबदार धरलं, त्या मार्चमधल्या कोंबड्यांच्या तपासणीवरूनच. सुमारे आठशे फिर्यादींना मिळून २७० कोटी येनच्या आसपास तात्पुरती भरपाई दिली गेली. पण १९८६ मध्ये दुसऱ्या खटल्यात निकाल सरकारच्या बाजूने फिरला, सर्वोच्च न्यायालयातही हरण्याची भीती दिसू लागली आणि १९८७ मध्ये फिर्यादींनी सरकारवरचा दावा मागे घेतला. त्याबरोबर मिळालेली रक्कम कायद्याने परतफेडीची झाली. दहा वर्षांनी सरकारने ती मागायला सुरुवात केली. औषधपाण्यात आणि घरखर्चात गेलेले पैसे आजारी माणसांनी परत आणायचे कुठून? नागासाकी जिल्ह्यातल्या गोतो बेटांवरच्या मच्छीमारांच्या वस्त्यांत तेव्हा स्वस्तात मिळालेलं हे तेल खूप खपलं होतं. तिथल्या कित्येक घरांवर हे कर्ज बसलं. बहुतेकांची परतफेड माफ करणारा कायदा २००७ मध्ये झाला आणि रुग्णांना मदत देणारा कायदा २०१२ मध्ये.

एक गोष्ट मात्र जपानने लवकर केली. १९७२ मध्ये पीसीबीचं उत्पादन थांबवलं आणि १९७३ मध्ये एक कायदा केला: नवं रसायन बाजारात आणण्याआधी ते निसर्गात विघटित होतं का आणि सजीवांत साठतं का, हे तपासायचं. यापूर्वी विषारी आहे का एवढंच विचारलं जायचं. ‘टिकतं का’ हा प्रश्न प्रथमच कायद्यात आला.

तरीही ११ वर्षांनी, १९७९ मध्ये, तैवानमध्ये हाच अपघात जसाच्या तसा झाला. तेच कोंड्याचं तेल, तसाच तापलेला पीसीबी, तशीच गळती. सुमारे दोन हजार माणसं आजारी पडली. सुरुवातीच्या रुग्णांत ताइचुंगजवळच्या एका अंध मुलांच्या शाळेतली मुलं आणि कर्मचारी होते. जपानी डॉक्टरांचे कितीतरी शोधनिबंध तोवर छापून झालेले होते. तेल गाळणाऱ्या कारखानदाराच्या टेबलावर ते कोण ठेवणार?

तैवानने मात्र जगाला आणखी एक गोष्ट शिकवली. ते तेल खाल्लेल्या बायकांना पुढे झालेल्या मुलांचा डॉक्टरांनी नेटाने पाठपुरावा केला. मुलं काळपट त्वचेची, वजनाने कमी जन्मली होती. तसं जपानमध्येही दिसलं होतं. वाढल्यावर त्यांच्या बुद्ध्यंकाची तुलना शेजारपाजारच्या मुलांशी केली तेव्हा सरासरी पाच अंकांची तूट निघाली. यातला चटका लावणारा भाग असा, की आईने तेल खाल्ल्यानंतर सहा वर्षांनी जन्मलेल्या मुलांतही ती तूट वर्षभरात जन्मलेल्यांइतकीच होती. तेल केव्हाच संपलं होतं, बाटली फेकून दिलेली होती, आणि आईच्या चरबीतला साठा वारेतून गर्भाकडे जातच होता. जपानमध्ये रुग्णांच्या मुलांची पद्धतशीर पाहणी सुरू व्हायला २०२१ साल उजाडलं.

हे सगळं अपघाताचं झालं, पण पीसीबी अपघाताशिवायही आपल्या ताटात आलेलं आहे, हे १९६६ मध्ये स्वीडनच्या सोरेन जेन्सन यांनी दाखवलं. ते डीडीटी हे कीटकनाशक शोधत होते. यंत्रातून निघणाऱ्या आलेखावर काही अनोळखी शिखरं सारखी दिसायची. ती पीसीबीची निघाली. मग त्यांना ती माशांत सापडली, गरुडांत सापडली, संग्रहालयातल्या १९४४ सालच्या गरुडाच्या पिसात सापडली आणि स्वतःच्या, पत्नीच्या व तान्ह्या मुलीच्या केसांतही. पाण्यात नगण्य असलेलं प्रमाण शेवाळातून किड्यांत, किड्यांतून छोट्या माशांत, तिथून मोठ्यांत चढत जातं, कारण प्रत्येक पायरीवर खाणारा आपलं भक्ष्य पचवतो आणि पीसीबी ठेवून घेतो.

डायॉक्सिन-वर्गातली संयुगं माणसाच्या शरीरात जातात ती नव्वद टक्क्यांहून जास्त अन्नातून, मुख्यतः मांस, मासे, दूध आणि दुधाचे पदार्थ यांतून. भाजी धुऊन ते जात नाही, उकळून जात नाही. चरबीत ते असल्याने मांसावरची चरबी काढून टाकली तर थोडं कमी होतं, एवढंच. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मध्ये या गटासाठी आठवड्याची मर्यादा शरीराच्या दर किलोमागे १४ पिकोग्रॅमवरून २ पिकोग्रॅमवर आणली. पिकोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा लाख कोटीवा भाग. ही मर्यादा खाली आणायला कारण ठरले लहानपणी हा पदार्थ शरीरात गेलेले मुलगे. मोठेपणी त्यांच्या वीर्यात शुक्राणू कमी आढळले होते.

आता आईच्या दुधाचा प्रश्न येतोच, कारण तेही स्निग्ध. हो, त्यात हे पदार्थ उतरतात. तरीही स्तनपान सुरूच ठेवा असं जागतिक आरोग्य संघटना स्पष्ट सांगते आणि त्यात काही लपवाछपवी नाही. दुधाचे फायदे मोजलेले आहेत आणि ते जास्त भरतात. शिवाय बंदीचा परिणाम इथेही दिसला. स्वीडनमध्ये १९७२पासून साठवलेल्या मातांच्या दुधाच्या नमुन्यांत डीडीटी आणि पीसीबी वर्षागणिक उतरत गेलं. त्याच नमुन्यांत फर्निचर आणि टीव्हीच्या प्लास्टिकला आग लागू नये म्हणून वापरलेली ब्रोमिनची संयुगं मात्र १९९७पर्यंत दर पाच वर्षांनी दुप्पट होत होती. एक दार लावलं की दुसरं उघडायचं ही उद्योगाची जुनी खोड आहे.

कोंबड्यांनी आधी सांगण्याचा प्रकारही एकदाच घडलेला नाही. १९५७ मध्ये अमेरिकेत दूषित चरबी घातलेल्या खाद्याने लाखो कोंबड्या छातीत पाणी भरून मेल्या होत्या; कारण डायॉक्सिन असल्याचं कळायला कित्येक वर्षं गेली. आणि १९९९ मध्ये बेल्जियममध्ये टाकाऊ चरबी गोळा करणाऱ्यांच्या मालात ट्रान्सफॉर्मरचं सुमारे ५० किलो पीसीबी मिसळलं. ते पशुखाद्यात गेलं, कोंबड्यांची अंडी कमी झाली, पिल्लं दगावू लागली. खात्याला हे माहीत होतं, लोकांना मे महिन्याच्या शेवटी कळलं. कृषी आणि आरोग्य या दोन्ही खात्यांच्या मंत्र्यांनी राजीनामे दिले आणि जूनमधल्या निवडणुकीत सरकार पडलं. कोंबडी वेगाने वाढते, दिवसभर एकच खाद्य खाते आणि तिच्या पेशी या रेणूंना फार संवेदनशील असतात. तिच्याकडून आधी कळावं यात गूढ काही नाही. ऐकणाऱ्याचं खातं कोणतं, एवढाच प्रश्न असतो.

आपल्याकडे पीसीबी बनत नव्हतं, पण जुन्या आयात ट्रान्सफॉर्मर-कपॅसिटरमधून ते पोलाद कारखान्यांत, वीजकेंद्रांत आलं. अशा टिकाऊ विषारी रसायनांवरच्या आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम कराराला भारताने २००६ मध्ये मान्यता दिली. २०१६च्या आदेशाने पीसीबीचं उत्पादन आणि आयात बंद केली आणि वापर पूर्ण थांबवायला ३१ डिसेंबर २०२५ ही मुदत घातली. साठा नष्ट करण्याची सोय भिलाईत उभी राहिली.

फ्युरान मात्र कुठून आयात करावं लागत नाही. क्लोरिन असलेलं प्लास्टिक अर्धवट जळलं की ते आपोआप तयार होतं. २०१६ मध्ये मुंबईतल्या देवनारच्या कचराभूमीला लागलेली आग अंतराळातून काढलेल्या छायाचित्रांत दिसली आणि बातम्या झाल्या. पण तांब्यासाठी वायरींचे भेंडोळे जाळणारी शेकोटी भंगाराच्या कुठल्याही मोहल्ल्यात संध्याकाळी दिसते, आणि तिची राख जिथे बसते त्या उकिरड्यावर कोंबड्या चरतात. मोकळ्या फिरणाऱ्या कोंबडीचं अंडं जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत या रेणूंसाठी तपासलं जात नाही. तपासणी महाग असते, त्यासाठी खास यंत्र लागतं. निकामी ट्रान्सफॉर्मर विकताना त्यातल्या तेलाची पीसीबीसाठी चाचणी करणं स्वस्त आहे. ती चाचणी लिलावाआधी व्हायला हवी, कारण एकदा तेल भंगारवाल्याच्या पिंपात ओतलं गेलं, की ते कुठल्या भट्टीत, कुठल्या वंगणात, कुठल्या खाद्यात जातं हे शोधणारी फाइल कोणत्याच खात्याची नसते.